कपाटांतील तोफगोळा

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें आम्हांस पत्र आलें. त्यांच्या श्वशुरांस जुन्या शस्त्रांचा नाद होता. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं जुन्या बाजारांतून, लिलावांतून व स्नेह्यांकडून एकेक वस्तु जमवून माडीवरचें एक कांचेचें कपाट भरून ठेविलें होतें. त्यांत दोन तलवारी, एक कट्यार, तोफेच्या पितळी पुंगळ्या, गंजलेले लोखंडी गोळे आणि एक निमुळता मोठा तोफगोळा, ज्याच्या टोंकाला पितळेची टोपी आहे, असा सर्व संसार होता. श्वशुर गेल्या वर्षीं निवर्तले. आतां घराची वांटणी व्हावयाची असल्यामुळें माडी रिकामी करावयाची आहे, आणि भंगारवाला येऊन पितळेचा किलोचा भाव सांगून गेला आहे. भगिनी विचारतात, "गुरुजी, या वस्तु भंगारांत घातल्यास मामंजींच्या आवडीचा अनादर होईल काय? कीं त्या एखाद्या वस्तुसंग्रहालयास द्याव्या?" आणि शेवटीं सहज म्हणून लिहिलेली एक ओळ: "मोठा गोळा फार जड आहे, पण सुटींत मुलें आलीं कीं तो जमिनीवर लोळवीत बसतात."

पत्रांतील मुख्य प्रश्न आदर-अनादराचा होता. आमचा जीव मात्र त्या शेवटच्या ओळीनें टांगणीस लागला. मासिक महिन्यानें निघतें, आणि असल्या प्रश्नाला महिनाभर थांबतां येत नाहीं. म्हणून आम्हीं त्याच सायंकाळीं त्यांस दूरध्वनि केला आणि सांगितलें कीं, प्रथम माडीस कुलूप घाला, भंगारवाल्यास येऊं नको म्हणून कळवा. आदराचा विचार मागाहून करूं. पुढें काय झालें तें यथाक्रम सांगूं. परंतु असें कपाट त्या एकाच घरीं आहे असें नव्हे. देवळाली, खडकी, अहिल्यानगर, पुलगांव हीं फौजेच्या वहिवाटीचीं ठिकाणें आपल्याच प्रांतांत आहेत. कोणाचे आजोबा महायुद्धावर गेले होते, कोणाचे मामा दारूगोळ्याच्या कारखान्यांत होते, आणि दिवाणखान्यांत पुंगळीची फुलदाणी किंवा मेजावर गोळ्याचें वजन नाहीं असें म्हणणारीं घरें आमच्या परिचयांत तरी थोडीं आहेत. म्हणून हा विषय आज सर्वांसाठीं घेतों.

उपदेश करूं लागण्यापूर्वीं स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही अशा एका गांवीं शिकवीत होतों कीं, जेथून तोफखान्याच्या सरावाचें मैदान फार दूर नव्हतें. दुपारीं गोळ्यांचे धडाके ऐकूं येत आणि त्यांच्या तालावर आमची विभक्तिप्रत्ययांची उजळणी चाले. त्या मैदानांतून पितळ, तांबें, लोखंड वेंचून आणून विकणें हा आसपासच्या कांहीं गरीब कुटुंबांचा जोडधंदाच होता, आणि त्यापायीं माणसें दगावल्याचें अधूनमधून कानावर येई. असें असतां आम्हांस शहाणपण सुचूं नये, याचें आजहि नवल वाटतें.

एके दिवशीं सातवींतला एक मुलगा दप्तरांतून पितळेची एक सुबक वस्तु घेऊन आला. आकार मोठ्या भोंवऱ्याएवढा, कडेनें बारीक आंकडे कोरलेले. ती हातोहात फिरूं लागली आणि वर्गांत गलबला झाला. आम्हीं ती जप्त केली, आणि मुलें गप्प व्हावीं म्हणून तीच वस्तु टेबलावर दोनदां ठोकली. मुलें गप्प झालीं. मग ती खणांत टाकून आम्हीं तीन तास शिकविलें. मधल्या सुटींत शाळेचा शिपाई खडूची पेटी घ्यावयास आला. तो फौजेंत नोकरी करून आलेला होता. त्यानें खण उघडला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. खण पुन्हा लावण्याचाहि प्रयत्न त्यानें केला नाहीं. "गुरुजी, मुलांना घेऊन बाहेर मैदानांत चला, पण पळूं नका," एवढेंच तो हलक्या आवाजांत म्हणाला. दोन तासांनीं लष्कराचीं माणसें आलीं. ती वस्तु म्हणजे तोफगोळ्याच्या टोंकावर बसविलेला फ्यूज होता. गोळा जमिनीवर आपटतांच आंतील दारू पेटविण्याचें काम हा करतो, आणि त्यानें तें काम अद्यापि केलेलें नव्हतें. त्यांतील अधिकारी आम्हांवर रागावला नाहीं. "ही कोणीं कशावर आपटली होती काय?" एवढेंच त्यानें विचारलें. आम्हीं खरें उत्तर दिलें. तो कांहीं वेळ नुसता टेबलाकडे पाहत राहिला.

पुढें अनेक वर्षांनीं आम्हांस या अज्ञानांत एक सोबती मिळाली. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स म्हणून देश आहे; तेथील मिलफर्ड हेवन या बंदराच्या गांवीं एका वृद्ध जोडप्याच्या घरापुढील बागेंत लोखंडाचा एक जुना आरमारी गोळा कित्येक वर्षें शोभेस ठेवलेला होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं समुद्रकिनाऱ्यावर सांपडलेला तो गोळा एका सरबतवाल्यानें आपल्या गाडींतून सात मैल वाहून आणला होता असें सांगतात. घरच्या बाई बागेंत काम झालें म्हणजे खुरप्याची माती त्या गोळ्यावर आपटून झाडीत असत! २०२३ सालीं एका पोलिसाची नजर त्यावर पडली, तपासणारें पथक आलें, आणि गोळ्यांत थोडी कां होईना पण जिवंत दारू आहे असें निघालें. तो उचलून जवळच्या ओसाड खाणींत नेला व वाळूखालीं ठेवून उडविला. घरच्यांस आपला जुना मित्र गेल्याचें वाईट वाटलें म्हणतात. आम्हांस त्या बाईंविषयीं फार आपलेपणा वाटतो.

अशा वेळीं प्रत्येकाच्या तोंडीं एकच वाक्य असतें: "इतकीं वर्षें फुटला नाहीं, आतां काय फुटतो!" ज्यांनीं न्यायशास्त्राचीं चार पानें उलटलीं आहेत त्यांस या अनुमानांतील दोष सांगावा लागणार नाहीं. धूर आहे तेथें अग्नि आहे, हें अनुमान खरें. कारण त्यांत व्याप्ति आहे. परंतु 'जें आजवर फुटलें नाहीं तें निर्जीव आहे' यांत व्याप्ति कोठली? न फुटलेला प्रत्येक गोळा फुटण्याच्या क्षणापर्यंत न फुटलेलाच असतो. वेदान्त्यांचा नेहमींचा दृष्टान्त दोरीवर सर्प भासण्याचा; या कपाटापुढें उभे राहणारे आपण सर्पावर दोरी पाहतों, आणि ती दोरी मुलांच्या हातीं देतों.

बरें, हा दोष केवळ अडाण्यांचाच असता तर गोष्ट निराळी. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध झालें. त्यांतील गोळे जमविण्याचा छंद तेथें पुष्कळांस आहे. व्हर्जिनिया संस्थानांतील चेस्टर गांवीं असा एक गृहस्थ होता कीं, त्यानें स्वतःच्याच अंदाजाप्रमाणें सुमारें १६०० गोळे साफ करून निरुपद्रवी केले होते. २००८ च्या फेब्रुवारींत तो आपल्या घराच्या आवारांत नऊ इंची आरमारी गोळा साफ करीत असतां गोळा फुटला आणि तो जागींच ठार झाला. गोळ्याचा एक तुकडा पाव मैलावरील दुसऱ्या एका घराच्या ओसरींत घुसला. गोळा दीडशें वर्षांच्या आसपासचा, आणि माणूस त्या कामांत मुरलेला! सोळाशें वेळां हात सुखरूप राहिला, याचा पुढच्या गोळ्याशीं कांहीं संबंध नव्हता.

हें असें कां होतें, तें थोडें समजून घेतलें पाहिजे. पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुलपी गोळे' हा शब्द वाचकांनीं पाहिला असेल. भरीव लोखंडी गोळा निराळा आणि पोटांत दारू भरून तोंड बंद केलेला कुलपी गोळा निराळा. भरीव गोळा भिंत पाडतो, कुलपी गोळा पडल्या जागीं फुटतो. किल्ल्यांच्या तटाखालीं सांपडणारे गोळे बहुधा भरीवच असतात हें खरें, परंतु दोनशें वर्षांचा गंज चढला म्हणजे बूच कोठें आहे, मुळांत आहे कीं नाहीं, हें डोळ्यांस दिसत नाहीं. आणि त्या काळची दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण. तें नासत नाहीं. हवाबंद राहिलें तर शतकानंतरहि तें जसेंच्या तसें असतें. भिजलें तर निकामी होतें असा समज आहे. पण वाळल्यावर तेंच पुन्हा पेट घेऊं शकतें. म्हणून गोळा बादलींत बुडवून ठेवावा, मग भय नाहीं, ही जी एक समजूत आहे तिला कांहीं आधार नाहीं.

पुढच्या काळांतील दारूगोळ्याची तर त्याहून वाईट अवस्था. काळी दारू निदान जशीच्या तशी राहते. हा मात्र वयाबरोबर अधिक चिडखोर होतो. पहिल्या महायुद्धांतील गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरीत. हा पदार्थ मूळचा रेशीम पिवळें रंगविण्याचा रंग! तो शिसें, तांबें, लोखंड अशा धातूंच्या संगतींत राहिला कीं हळूहळू त्याचे क्षार बनतात, आणि ते मूळ पदार्थापेक्षां पुष्कळ अधिक नाजूक असतात. फ्यूजमध्यें ठिणगी पाडण्यासाठीं शिशाचें अझाइड वापरूं लागले. त्यास ओल लागली कीं एक वायुरूप आम्ल सुटतें, तें तांब्यापितळेस भिडतें, आणि तांब्याचें अझाइड तयार होतें, जें नुसत्या घासण्यानेंहि उडूं शकतें. अर्थात् पितळेच्या टोपीवर हिरवट थर दिसतो तो निव्वळ कळकच असेल अशी खात्री घरबसल्या देतां येत नाहीं. आतां दिवाळीच्या आधीं घरांतील सर्व पितळ चिंच लावून, घासूनपुसून लख्ख करण्याची आपल्याकडील चाल लक्षांत घ्या. समया, पंचपात्रीं, घागरी झाल्या कीं कामाच्या बाईच्या हातीं कपाटांतील टोपीहि सहजच येते. आमच्या कुटुंबानें हें वाक्य वाचून लेखणीच थांबविली आणि आपल्या माहेरच्या एका फुलदाणीची आठवण सांगितली. ती येथें देत नाहीं.

बिनधुराची जी दारू बंदुकांत व तोफांत पुढें आली, तिच्यांत ती स्थिर राहावी म्हणून एक द्रव्य घातलेलें असतें. तें वर्षांगणिक खर्ची पडतें. तें संपलें कीं दारू आपल्याआपण तापूं लागते, आणि बाहेरची उष्णता तीस साहाय्य करते. पत्र्याखालची माडी आणि वैशाखमास यांचा योग आपल्याकडे दर वर्षीं येतो.

कोणी म्हणेल, हें सर्व पुस्तकी. तर बेल्जियममध्यें ईप्र म्हणून गांव आहे. १९१४ सालीं आपल्या हिंदी पलटणी त्याच रणांगणावर लढल्या. तेथील शेतकऱ्यांच्या नांगरास आजहि दर हंगामांत न फुटलेले गोळे लागतात. ते ते रस्त्याच्या कडेस ठेवतात आणि लष्करी पथक येऊन घेऊन जातें. त्याच गांवीं २०१४ च्या मार्चमध्यें एका बांधकामावर असाच जुना गोळा फुटून दोन मजूर मेले. युद्धास शंभर वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं. आणि दूर कशास जावें? आपल्या वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवच्या लष्करी दारूगोळा भांडारांत ३१ मे २०१६ रोजीं भयंकर स्फोट व आग झाली. रणगाडे उडविण्याचे जे सदोष सुरुंग तेथें सांठविले होते, त्यांच्यांतून स्फोटक द्रव्य पाझरत होतें, असें त्याचें कारण पुढें आलें. २० नोव्हेंबर २०१८ रोजीं त्याच भांडाराच्या परिसरांत, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठीं उतरवीत असतां स्फोट होऊन सहा जण प्राणास मुकले. जेथें पहारे, नियम व जाणकार आहेत तेथें ही गत. माडीवरील कपाटाची गोष्ट काय बोलावी?

आतां भगिनींच्या घराकडे वळूं. दूरध्वनीवर आम्हीं विचारलें कीं, मामंजींनीं कांहीं लिहून ठेविलें आहे काय? ते पद्धतशीर गृहस्थ होते. त्यांची वही निघाली. प्रत्येक वस्तु कोठें, केव्हां, किती रुपयांस घेतली तें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें. मोठ्या गोळ्यापुढें नोंद अशी: "पोकळ. आंत कांहीं नाहीं. (विक्रेता म्हणाला.)" कंसांतील ते दोन शब्द त्या सत्यनिष्ठ माणसानें कां लिहिले असतील, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शब्द हें प्रमाण खरें, पण तो आप्ताचा शब्द असेल तर; आणि ज्यास तीच वस्तु खपवावयाची आहे त्यास आप्त म्हणतां येत नाहीं. मामंजींस ही शंका होती असें दिसतें. ती त्यांनीं वहींत लिहिली. घरांत कोणास सांगितली नाहीं. संग्राहकांस आमचें आग्रहाचें सांगणें याच ठिकाणीं आहे. आपला छंद आपल्यापाशीं, पण कपाटांत काय आहे, कोणी तपासलें, कशावरून निर्जीव ठरलें, हें बायकोस व सुनेस ठाऊक असलें पाहिजे, कारण शेवटीं तें कपाट त्यांच्याच हातीं येणार. आणि ज्यांस या कामाचें शिक्षण व अधिकार आहे त्यांच्याकडून तपासून लेखी घेतल्यावांचून अशी वस्तु उंबऱ्याच्या आंत आणूंच नये. सरावासाठीं बनविलेल्या नमुन्यांस भोंकें पाडलेलीं असतात, रंग निराळा असतो, असें कांहीं जण सांगतील. परंतु भोंक पाहण्यासाठीं गोळा उचलून फिरविणें हीच मुळीं चूक आहे.

घरीं संशयास्पद वस्तु आहे असें आज ज्यांच्या लक्षांत येईल, त्यांनीं तिला हात लावूं नये. पुसूं नये, खरवडूं नये, टोपी फिरवून पाहूं नये, उन्हांत किंवा पाण्यांत ठेवूं नये. खोलींतून माणसें बाहेर काढावीं, दार लावावें, आणि पोलिसांस ११२ या क्रमांकावर कळवावें. ते बाँबशोधक पथकास किंवा लष्करास बोलावतात. पिशवींत घालून, दुचाकीवर ठेवून स्वतःच पोलिस ठाण्यांत नेऊन देण्याचा परोपकार पुष्कळ जण करतात. तो करूं नये. वाटेंत खड्डे आहेत आणि ठाण्यांत माणसें आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्यें एक अमेरिकन कुटुंब इस्राएलमधील गोलान टेंकड्यांवर सांपडलेला न फुटलेला गोळा आठवण म्हणून विमानतळावर घेऊन गेलें आणि "हा सामानांत ठेवूं काय?" म्हणून तेथील अधिकाऱ्यांस सरळ विचारूं लागलें. जी पळापळ झाली तींत एक मनुष्य जखमी झाला. गोळा मुलानें वेंचला होता म्हणतात.

एक भय निराळें आहे, आणि तें बोलून दाखविण्यास लोक लाजतात. तें म्हणजे कायद्याचें. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमांतील दारूगोळ्याच्या व्याख्येंतच बाँब, हातगोळे व तोफगोळे येतात, आणि परवान्यावांचून ते बाळगतां येत नाहींत. तेव्हां आपण होऊन कळविलें तर आपल्यावरच बालंट यावयाचें, अशी धास्ती घेऊन मंडळी रात्रीं तो जिन्नस विहिरींत, नदींत किंवा उकिरड्यावर टाकून मोकळी होतात. मोकळी कसलीं! २०१८ सालीं कर्नाटकांतील बिदनूर, ज्यास आतां नगर म्हणतात, तेथील एका पडक्या विहिरींत म्हैसूरच्या सुलतानी अमलांतील हजाराहून अधिक लोखंडी बाण सांपडले, आणि त्यांत दारूचे अवशेष शिल्लक होते. विहीर कांहीं गिळीत नाहीं, ती पुढच्या पिढीसाठीं सांठवून ठेवते. वारशानें आलेल्या वस्तूची माहिती स्वतः देणाऱ्यानें एखाद्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, परंतु कळविण्यास उशीर लावूं नये, आणि वस्तु तोंवर जागची हलवूं नये.

भगिनींनीं कळविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पथक आलें. शेजारच्या दोन बिऱ्हाडांस तीन तास बाहेर बसावें लागलें, त्याबद्दल थोडी कुरकुर झाली. दारूगोळ्यापैकीं एकूण अकरा वस्तु होत्या. सर्व पुंगळ्या रिकाम्या निघाल्या. गंजलेले गोळे भरीव ठरले. मोठा गोळा मात्र त्यांनीं वाळूच्या पिंपांत ठेवून गांवाबाहेर नेला आणि उडविला. पत्रांत भगिनी लिहितात कीं, आवाज घरापर्यंत आला नाहीं, पण ज्या नातवानें सर्वांत अधिक वेळ तो लोळविला होता तो त्या रात्रीं जेवला नाहीं. मामंजींच्या वहींत त्या नोंदीखालीं त्यांनीं स्वतःच्या हातानें तारीख घालून पुढील हकीगत लिहून ठेविली आहे. रिकाम्या पुंगळ्या एका वस्तुसंग्रहालयानें पाहून जाण्याचें मान्य केलें आहे.

राहतां राहिल्या दोन तलवारी व कट्यार. त्या भिंतीवर टांगतां येतात काय, त्यांस परवाना लागतो काय, आणि विजयादशमीस त्यांचें पूजन करतांना धार कशी सांभाळावी, हे तीन प्रश्न त्याच पत्रांत आहेत. त्यांविषयीं पुढील अंकीं.